धाप लागलेला दिवा

६ जानेवारी

तू चष्मा शोधत असशील तर तो तुझ्या डोक्यावर आहे. सापडला? आता वाच.

एका पायात चप्पल घालून शाळेत पोचलेली पोर तू. फोनवर सांगितलेलं फोन ठेवेपर्यंत विसरतेस आणि वर्षाने माहेरी आलीस की वर मान करून भांडतेस, "हे मला कुणी सांगितलंच नाही!" म्हणून यंदा सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय. म्हणजे मी बोलणार आणि वरच्या मजल्यावरची आपली भाडेकरू, नर्सबाई, लिहिणार. तिला सुटी असेल त्या दिवशी. रात्रपाळी करून आलेली असते, लिहिता लिहिता डुलक्या घेते. मला अक्षर येत नाही, त्यामुळे तिने काय खरडलं ते मला कळायचं नाही. पण माणसाचा चेहरा मला वाचता येतो, तेवढ्यावर आजवर निभावलं.

बातमी अशी की तुझा दादा घरी परत आलाय. त्याचा कारखाना बंद पडला हे तुला ठाऊक आहे, म्हणजे ठाऊक होतं. आल्या आल्या त्याने मागच्या मोठ्या खोलीतली तुझ्या बाबांची खाट बाहेर काढली आणि म्हणाला, "आई, इथे थिएटर करायचं."

मी म्हटलं, "नाचणार कोण? तू की मी?"

"तसलं नाही गं. घरातलं थिएटर. पडदा, मोठे स्पीकर, पडद्यावर चित्र टाकणारं मशीन. पंचवीस माणसं बसतील. वाढदिवस, मॅच, पोरांचे पिक्चर. भाड्याने द्यायचं."

सूनबाई आणि नात सध्या सूनबाईच्या माहेरी आहेत. तिने याला स्पष्ट सांगितलंय, शाळा उघडायच्या आत तुमचं बस्तान बसलं तर आम्ही तिकडे येतो, नाहीतर पोरीचं नाव इथल्या शाळेत घालते. तिचं काही चुकत नाही. मला पिक्चरशी काही देणंघेणं नाही, बये. मला ती पोर या घरात पळताना पाहायचीय.

११ जानेवारी

वायरमन येऊन गेला. कानावर पेन्सिल, तोंड अखंड चालू. आपला जुना बोर्ड बघून म्हणाला, "आजी, ही वायर तुमच्या लग्नातली का हो?"

"लग्नात आमच्याकडे कंदील होते. वायर नंतरची. तरी तुझ्याहून मोठी आहे, जरा मान ठेव."

दादाने हौसेने एकाच पॉइंटला सगळं लटकवून ठेवलं होतं. मशीन, स्पीकरचा मोठा डबा, आणखी काय काय. वायरमनने त्या पॉइंटला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. "दोन पंखे, चार दिवे आणि एक इस्त्री, एवढ्यापुरती ही लाईन आहे. तुम्ही तिच्या घरी पहिलवान जेवायला बोलावलेत!" मग त्याने काय करायचं ते सांगितलं. मेन बोर्डापासून मागच्या खोलीपर्यंत स्वतंत्र जाड वायर ओढायची, तिला स्वतःचा वेगळा स्विच, आणि त्या लाईनीवर दुसरं काही म्हणता काही लावायचं नाही. वीज कंपनीकडून लोड वाढवून घ्यायचा. अंगणात नवं अर्थिंग करायचं.

चित्राचं मशीन जुनं, कुणाचं तरी वापरलेलं आहे. ते उघडून त्याने दादाला आतला दिवा दाखवला. "हा म्हणजे निखारा. तुम्ही बटण दाबून मशीन बंद केलं तरी आतला पंखा थोडा वेळ फिरत राहतो, दिव्याला गार करतो. पंखा आपणहून थांबेपर्यंत लाईट जाता कामा नये. गेली तर दिव्याचं आयुष्य गेलंच समजा. मध्ये बॅटरीचा डबा बसवून घ्या."

दादा म्हणाला, "तो पुढच्या महिन्यात बघू. आमच्या गल्लीत लाईट जात नाही."

ते मात्र खरं आहे. मी पण सांगितलं, "इथे लाईट जात नाही रे बाबा. कंपनीवाले दुसरं काही करोत न करोत, लाईट घालवत नाहीत."

जाता जाता भल्या माणसाने घरातल्या बोळातल्या आपल्या मेन स्विचच्या दांड्याला तेल दिलं. इतका गंजला होता की मला दोन्ही हातांनी लोंबकळावं लागायचं. आता माझ्या काठीची मूठ अडकवून जरा ओढला की खट्कन खाली. घरचा नियम तुला आठवत नसणारच, म्हणून सांगते. शेवटचा जो झोपेल त्याने मेन बंद करायचा. उंदराने वायर कुरतडून माळ्यावर धूर झाला होता, तेव्हापासूनचा नियम. आधी तुझे बाबा ओढायचे, त्यांच्यामागे मी. नर्सबाईचं मीटर वेगळं आहे, तिला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि आपल्याकडे फ्रिज नाही. शिळं ठेवायला कपाट कशाला, असं तुझे बाबा म्हणायचे.

२ फेब्रुवारी

स्पीकर लावले आणि त्यांतून सारखी गुणगुण. पिक्चर नाही, गाणं नाही, नुसतं ऊंऽऽ. तुझी आत्या रुसली की तोंड मिटून जशी कुरकुरायची, अगदी तस्सं. वायरमन म्हणाला, अर्थिंग झाल्याशिवाय हे गप्प बसायचे नाहीत. मग अंगणात नळाजवळ कमरेएवढा खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी उभी पुरली, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. तिथून वायर खोलीत नेली आणि गुणगुण बंद! आत्याला असला खड्डा मिळाला असता तर किती बरं झालं असतं. हे लिहू नकोस गं. लिहिलंस? बरं, असू दे, आत्या आता कुठे वाचायला येतेय.

खड्डा ओला राहिला पाहिजे म्हणे. ते काम माझ्याकडे. रोज सकाळी एक तांब्या पाणी घालते. नर्सबाई जिन्यातून हसते, "आजी, काय उगवणार त्यातून?"

मी म्हटलं, "नात."

१७ फेब्रुवारी

काल पहिला खेळ झाला. गल्लीच्या टोकाच्या हॉलमधून खुर्च्या आणल्या होत्या. मी शेंगदाणे भाजले, कागदाच्या पुड्या केल्या. धंद्यात माझाही वाटा नको का! काळोख झाला, भिंतीवर चित्र आलं आणि कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेल्या काळ्या डब्यातून असा धडधडाट निघाला की माझी कवळी आपली आपण हलायला लागली. पडद्यावर घोडे पळत होते आणि माझ्या पोटात टापा वाजत होत्या. पोरं तर वेडी झाली. एक आजोबा झोपले, पण ते कुठेही झोपतात.

खेळ संपला, दादाने बटण दाबलं आणि खुर्च्या परत करायला गेला. मी पुड्यांचे कागद वेचत होते. बघते तर मशीन आपलं घूं घूं करतंय. दिवसभर राबलेलं जनावर दावणीला धापा टाकतं, तसं. दादाचं नेहमीचंच, अर्धं काम करून निघून जायचं. मला दया आली. म्हटलं, दमलास रे, झोप आता. आणि मेन ओढला. लगेच शांत झालं बिचारं. दादा खुर्च्या देऊन आला तेव्हा घर निजलेलं, नियमाप्रमाणे मेन बंद.

९ मार्च

धंदा लागलाय! शनिवार-रविवार रिकामा नसतो. दादा शिट्टी वाजवत दाढी करतो, शिट्टी भयंकर बेसूर आहे, पण वाजवू दे. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने मुलाच्या वाढदिवसाला खोली घेतली. पोरांनी खोलीभर केक सांडला, मुंग्या अजून पिक्चर बघायला येतात.

नातीने फोन केला. "आजी, पडदा दारापेक्षा मोठा आहे?"

"दाराचं काय घेऊन बसलीस, तुझ्या आईच्या रागापेक्षा मोठा आहे."

फोन स्पीकरवर होता म्हणे. सूनबाई मागून हसली. तिला हसताना ऐकून किती दिवस झाले होते!

दादाने बाजूची छोटी खोली पोरीसाठी रंगवून घेतलीय. वायरमनकडून तिथे एक बटण मुद्दाम खाली बसवून घेतलं, तिचा हात पोचेल असं. मी विचारलं, "अजून आली नाही, आणि बटण आधी?" तर म्हणाला, "आल्यावर ड्रिलचा आवाज नको. घाबरते ती." बापच आहे शेवटी.

२३ मार्च

काल ऐन खेळात मशीनमधून फट् असा आवाज आला आणि पडदा काळा. आतला दिवा फुटला. आवाज मात्र चालूच. काळोखात माणसं बोलतायत, दारं आपटतायत, आणि दिसत कुणीच नाही. लोक थोडा वेळ थांबले, मग उठले. दादाने सगळ्यांचे पैसे परत केले. शेंगदाण्यांचे कुणी मागितले नाहीत, ते पोटात गेले होते.

दुकानदाराने सांगितलं, जुन्या मशीनमधला जुना दिवा होता, कधीतरी जायचाच. नवा दिवा फार महाग आहे. कापसात गुंडाळून आला, अंड्यासारखा. दादाने तो मला हातसुद्धा लावू दिला नाही. "आई, बोटाचा तेलकटपणा लागला तरी जातो." एवढा नाजूक जीव घेऊन हे धंदे करायला निघालेत!

१३ एप्रिल

नवा दिवाही गेला. आधी चित्र पिवळं पडत गेलं, काविळीच्या माणसासारखं, आणि गेल्या आठवड्यात विझला. औषधवाल्याने दुसऱ्या वाढदिवसासाठी खोली ठरवली होती, त्याने मोडली. दादा शिट्टी वाजवत नाही. मला बेसूर वाटायची ती, आता सकाळी कान तिकडेच असतो.

वायरमन दुपारभर इथेच होता. भिंतीवरच्या प्रत्येक डब्याचं झाकण उघडलं, स्क्रू आवळले, दोन तारांचं मीटर लावून लावून बघितलं. एक स्टॅबिलायझरही आणून बसवला. मला विचारलं, "आजी, तुम्ही दिवसभर घरात असता. मधे लाईट जाते का?"

"नवी वायर घातल्यापासून एकदासुद्धा गेली नाही."

"अगदी क्षणभर? दिवा लुकलुकतो, तेवढी?"

"नाही रे बाबा. गेली असती तर मी कंपनीवाल्यांची सात कुळं उद्धरली असती, तुला ऐकू आलं असतं."

तो डोकं खाजवत बसला. "लाईन चांगली, अर्थिंग चांगलं, लोड बरोबर. मग दिवे खातंय कोण?"

"माझ्याकडे काय बघतोस? मला शेंगदाणा चावत नाही, दिवा कुठे चावणार!"

तो हसला. दादा नाही हसला. पुढच्या दिव्यासाठी त्याने मोटरसायकल विकली. आता सगळीकडे चालत जातो. बॅटरीचा डबा अजून पुढच्याच महिन्यात आहे.

मीही आता जास्त जपते. पूर्वी कागद वेचून होईपर्यंत मशीन तसंच धापा टाकत ठेवायचे. आता शेवटचा माणूस फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच काठी अडकवते. जेवढं कमी चालेल तेवढा जास्त टिकेल. एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

१९ मे

सूनबाई आणि नात बघायला आल्या होत्या. हे मला दोन दिवस आधी लिहायचं होतं, पण नर्सबाईला सुटी नव्हती, आणि मलाही सांगावंसं वाटत नव्हतं.

पोर उंच झालीय. आल्या आल्या छोट्या खोलीत गेली, ते खालचं बटण लावलं, बंद केलं, लावलं, बंद केलं. वीस वेळा तरी. दादा दारात उभा राहून बघत होता, एकदाही "पुरे" म्हणाला नाही.

संध्याकाळी त्यांच्यासाठी खास खेळ. गल्लीतली चार घरं बोलावली होती. वायरमनलाही बोलावलं, त्यानेच एवढं केलेलं. मी शेंगदाणे भाजले. पोर पुढच्या खुर्चीत माझ्याशेजारी बसली, पाय जमिनीला लागत नव्हते. तो धडधडाट सुरू झाला तशी तिने माझा हात धरला. सूनबाई मागे बसली होती. मी वळून पाहिलं तर तिने चपला काढून पाय वर घेतले होते, माणूस स्वतःच्या घरात बसतं तसं. मी मनात म्हटलं, झालं. राहिल्या.

आणि चित्र गेलं.

आवाज चालूच. काळोखात कुणीतरी बाई गात होती. पोर म्हणाली, "आजी, संपला?"

दादा मशीनशी खटपट करत होता. "एक मिनिट हं, एक मिनिट." बरीच मिनिटं झाली. मग सूनबाई हळूच म्हणाली, "अहो, राहू द्या." ओरडली असती तर बरं झालं असतं, बये. ती ओरडते तेव्हा तिला काहीतरी हवं असतं.

लोक गेले. दादा त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेला. वायरमन मशीनवर वाकून बसला होता, त्याच्या पंख्याला कान लावून. ते दिवा गेल्यावरही धापा टाकतच होतं. माझ्याच्याने ऐकवेना. बोळात गेले आणि मेन ओढला.

आत वायरमन ओरडला, "लाईट गेली! आजी, लाईट गेली!"

मी म्हटलं, "गेली नाही रे, मी घालवली. रोजच घालवते."

तो चाचपडत बोळात आला. त्याच्या हातातल्या टॉर्चचा उजेड आधी मेनवर पडला, मग माझ्या काठीवर. "रोज?"

"रोज. खेळ संपला की. तू तेल दिलंस तेव्हापासून किती हलका झालाय."

त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि परत कानावर ठेवली. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाला, "काही नाही आजी. बसा तुम्ही. पाय दुखतील." आणि बाहेर गेला.

खिडकीतून दिसत होते दोघं, अंगणात अर्थिंगच्या खड्ड्यापाशी. वायरमन बोलत होता, हात करून दाखवत होता. दादा ऐकत होता. मग दादा नळाच्या ओट्यावर खाली बसला. वायरमनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता हा आत येऊन घर डोक्यावर घेणार, कारखाना सुटला तेव्हा घेतलं होतं तसं. पण आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. पोरीने छोट्या खोलीतला दिवा तसाच लावून ठेवला होता. तेवढा बंद केला मी.

हे सांगताना नर्सबाईचं पेन थांबलं. आज ती डुलक्या घेत नव्हती. विचारलं तर म्हणाली, "शाई संपली." बॉलपेन आहे ते. माणसाचा चेहरा मला वाचता येतो असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना? आज नाही आला वाचता.

४ जून

सूनबाईने पोरीचं नाव तिकडच्या शाळेत घातलं. फोनवर मला म्हणाली, "सुटीत पाठवीन हं तिला." सुटीत तर लोक डोंगर बघायलाही जातात.

वायरमन आला होता. दादाला म्हणत होता, "आता कारण कळलंय. एक दिवा मी आणून देतो, पैशांचं नंतर बघू. एकदा करून तर बघा."

दादा म्हणाला, "कुणासाठी?"

मी आतून विचारलं, "काय कारण कळलं रे?"

वायरमनने दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "मशीनच जुनं होतं, आई."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं ना याने! बोर्डाकडे बघत बसला." वायरमन मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, आजी." शहाणा माणूस आहे, पण कधीकधी साधी गोष्ट लवकर लक्षात येत नाही त्याच्या.

पडदा, स्पीकर, धडधडणारा डबा, सगळं एकाने नेलं. दिवा नसलेलं मशीन त्याने फुकट मागितलं, दादाने दिलं. खोलीत आता जाड वायर तेवढी राहिलीय, भिंतीतून बाहेर आलेली. टोकाला वायरमनने काळी पट्टी गुंडाळलीय. पहिलवानाची लाईन, आणि जेवायला कुणी नाही. तुझ्या बाबांची खाट परत आत आणली.

खड्ड्याला पाणी घालते अजून. घालू नको असं कुणी सांगितलं नाही.

१६ जून

दादा आज गेला. लांब कुठेतरी मोठं गोदाम आहे, फळं-भाज्या गार ठेवायचं, तिथे नोकरी लागली. आत कायम थंडी, म्हणून बाबांचा जुना कोट घेतला. बाह्या आखूड होतायत.

निघताना बोळात थांबला. मेन स्विचवर हात ठेवून उभा होता, मोठ्या माणसाच्या फोटोसमोर उभं राहावं तसा. मी म्हटलं, "काय रे, तोही विकायचाय?"

हसला. मग माझी काठी घेतली, मूठ नीट पुसली आणि परत हातात दिली. म्हणाला, "आई, रात्री मेन आठवणीने बंद करत जा हं. एकटी असशील."

बघ, इतक्या वर्षांनी याला घरचा नियम पटला. फाटकातून जाताना त्याने वळून पाहिलं नाही. चालतच गेला.

नर्सबाई रडतेय. रात्रपाळीने डोळे चुरचुरतात म्हणते. जा म्हटलं, झोप, पण आधी एवढं लिही.

तू माझ्यासाठी काहीबाही पाठवशीलच, म्हणून सांगते. शेंगदाणे नकोत, पोतं अर्धं उरलंय आणि खाणारं कुणी नाही. लोणी, दूध, असलं नासणारं काही नको, रात्री मेन बंद असतो. खजूर पाठव. मऊ बघून घे. अर्धे मला आणि अर्धे दादाला, त्याच्याकडे टिकतील, तिथे सगळं गारच असतं. आणि माझ्या खजुरांतल्या बिया काढायला विसरू नकोस.